शेंदराची पाच बोटं

माणिकखेडच्या लोकांनी त्या इमारतीचं सरकारी नाव कधी घेतलंच नाही. पाटीवर 'उष्णता निवारण केंद्र' असं ऐसपैस लिहिलेलं होतं, पण गावाच्या तोंडी तो 'गारवा'. कोळसापट्ट्यातलं हे गाव. एप्रिलच्या मध्यापासून इथे दुपारी पारा एकोणपन्नासला जाऊन बसायचा, आणि घरोघरचे कूलर पत्र्याखाली नुसती गरम हवा फिरवायचे. मग लोक सकाळीच डबे, पाण्याच्या बाटल्या, पत्त्यांचे कॅट, कडेवरची पोरं आणि काठी टेकणारी म्हातारी माणसं घेऊन गारव्यात यायचे, आणि ऊन उतरलं की जायचे. पहिल्या वर्षी लोकांना हे अपमानाचं वाटलं होतं. आता खिडकीखालच्या जागेवरून भांडणं होत.

गारव्याचा जीव होता मागच्या मोटरघरातल्या दोन मोटरींत. मोटर फिरली की कॉम्प्रेसर फिरे, कॉम्प्रेसर फिरला की हॉलमध्ये थंड हवा येई. गेल्या आठवड्यात त्यातली एक जळाली. भर दुपारी, आधी कुरकुर नाही की काही नाही, एकदम करपट वास सोडून बसली. आणि तिच्यावर पाळत ठेवणाऱ्या यंत्राने शेवटच्या क्षणापर्यंत हिरवा दिवा दाखवला होता.

केंद्राची अभियंता प्रणाली उरकुडे तेव्हापासून उरलेल्या मोटरीसमोर अशी उभी राहायची, जसं घरात कुणी अत्यवस्थ असताना माणूस उभं राहतं. नवी मोटर यायला जून उजाडणार होता. ही दुसरीही गेली, तर उरलेला मे महिना तीनशे-साडेतीनशे माणसांनी उघड्यावर काढायचा होता. त्या माणसांत तिचे बाबाही होते. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट होते, आणि मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना दुपारी बाहेर पडायची साफ बंदी केली होती.

"मॅडम, काऊन घाबरून राह्यल्या?" ऑपरेटर इस्तारी गेडाम म्हणाला. "स्क्रीन तं हिरवीच आहे. एकशे अठरा डिग्री."

"मागच्या आठवड्यातही हिरवीच होती, गेडाम."

गेडामने मान खाली घातली. ती मोटर त्याच्याच पाळीत जळाली होती.

इथे थोडं मोटरीच्या पोटात शिरावं लागेल. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि तारेवर वार्निशचा पातळ लेप असतो. मोटर मरते ती बहुधा हा लेप भाजून निघाल्यामुळे. त्याला सोसेल त्यापेक्षा दहा अंश जास्त ताप झाला की त्याचं आयुष्य निम्मं होतं, आणखी दहा चढले की त्याच्याही निम्मं. म्हणजे आतलं तापमान कळणं आलंच. ते कळून घ्यायचे जुने मार्ग साधे होते. दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि वीज तोडते. थर्मिस्टर म्हणजे गुंडाळीत पुरलेला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. ठरलेल्या तापमानापर्यंत तो वीज सुखाने जाऊ देतो आणि ते ओलांडलं की एकदम वाट अडवतो. त्याला 'ठीक' आणि 'बस' याखेरीज तिसरा शब्द येत नाही. प्लॅटिनमच्या तारेचा आरटीडी मात्र चोख आकडा सांगतो, पण तो मोटर बांधतानाच खाचेत बसवावा लागतो.

आणि मग आला डोळा. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं, पण भिंतीवरून टक लावून बघणाऱ्या त्या काळ्या भिंगाला दुसरं काय म्हणणार? मोटरीच्या अंगातून निघणारे अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, किरण तो बघायचा, मोटर किती वीज खाते ते बघायचा, खोलीतली हवा बघायचा, आणि या सगळ्यावरून आतल्या गुंडाळीचं तापमान काढायचा. तारा नकोत, मोटर उघडायला नको. शिवाय तो शिकायचा. महिन्या-दोन महिन्यांत त्याला आपल्या मोटरीच्या सगळ्या खोडी कळत. तिच्यात अजून किती दम आहे ते जोखून तो तेवढा भार तिच्यावर टाकायचा, आणि अगदीच गळ्याशी आलं तर बंद करायचा.

डोळा निवडला होता प्रणालीने. निवड समितीत बाकीचे नुसते चहा प्यायला होते. आरटीडी घालून मोटरी नव्याने बांधून घ्याव्यात, असा एक प्रस्तावही समोर होता, पण तिने डोळ्यावरच बोट ठेवलं. त्याला कारण होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी आतल्या मण्यांनी 'बस' म्हटलं आणि मोटर थांबली. मण्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मोटर निवेपर्यंत हॉल भट्टीसारखा झाला, दाराशी रेटारेटी झाली आणि अनसूयाबाई पोटे नावाची म्हातारी तिथेच गेली. मोटर वाचवायला माणूस घालवायचं, हे कसलं संरक्षण, असं प्रणालीला तेव्हा वाटलं. तिला न थांबवता सांभाळणारं यंत्र हवं होतं. डोळा बसला आणि तिने मण्यांच्या तारा सोडवून मोटरीच्या बाजूच्या लहान डबीत गुंडाळून ठेवल्या. एका मोटरीला दोन धनी नकोत म्हणून.

तिचा हेतू चांगला होता यात शंका नाही. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टी पुन्हा तपासायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

"जेवली का व बाई?"

मोतीराम उरकुडे दारात उभे होते. हातात डबा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. हॉलमधून मोटरघरात यायला आतूनच वाट होती, आणि रोज या वेळेला ते पोरीला जेवू घालायला यायचे. सारी उमर त्यांनी कोळसा खाणीत पंपावर फिटर म्हणून काढली होती.

"नंतर जेवते, बाबा."

"नंतर म्हंजे संध्याकाळी. मले माहीत आहे तुह्यं नंतर." त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि मोटरीकडे पाहिलं. चेहऱ्यावर थोडं तेज आलं. "रंग मात्र टिकला हां. पाह्य कशी चमकून राह्यली."

मोटर खरंच चमकत होती. तो रंग त्यांनीच दिला होता. प्रणालीची आई गेल्यापासून मोतीरामांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघायचे. मग गेल्या खंडेनवमीला प्रणालीच म्हणाली, बाबा, आमच्या मोटरींची पूजा करायला या. खाणीत त्यांचा रिवाज होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे पंप धुऊन पुसून त्यांना चंदेरी रंग द्यायचा, दुसऱ्या दिवशी तेलात कालवलेल्या शेंदराची पाच बोटं ओढायची आणि नारळ फोडायचा. मोतीराम रंगाचा डबा घेऊन आले. मोटरीवरच्या नावाच्या पट्टीला कागद चिकटवून, अंगावरच्या पंखांसारख्या पट्ट्यांच्या फटीफटीतून ब्रश फिरवून त्यांनी दोन्ही मोटरी लग्नातल्या समयांसारख्या लखलखीत केल्या. काम करताना ते चक्क गुणगुणत होते. प्रणाली त्या रात्री आनंदाने रडली होती.

आता ती स्क्रीनकडे वळली. आकडा बघून काही उलगडत नव्हतं, म्हणून तिने आकड्यामागचं चित्र उघडलं. डोळ्याला मोटर जशी दिसते तसं ते चित्र. कंपनीचा माणूस बसवायला आला तेव्हा त्याने एकदा दाखवलं होतं. त्यानंतर ते उघडायची कुणाला गरज पडली नव्हती.

पडद्यावर मोटर गडद निळी दिसत होती, म्हणजे थंड. पण मधोमध पाच आडव्या रेषा होत्या, लालभडक, जवळजवळ पिवळ्या. अंगावर कुणी तापल्या सळईचे डाग द्यावेत तशा.

"हे काय?" पहिल्यांदा तिला वाटलं, अंगाला तडा गेलाय आणि आतली आग बाहेर दिसतेय.

मोतीराम चष्मा सावरत जवळ आले आणि एकदम हसले. कितीतरी महिन्यांनी इतके मोकळे हसले.

"अव, ते माह्ये बोटं आहेत! शेंदराचे. पाह्य, तुह्या मशीनले बी दिसून राह्यले!"

प्रणालीने मोटरीकडे पाहिलं. चंदेरी अंगावर पाच बोटांचा शेंदूर, बरोबर त्याच जागी. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेंदूर काही स्वतः तापत नाही. तो मोटरीच्याच अंगावर आहे, म्हणजे तिच्याइतकाच गरम. मग तो लाल का दिसतो आणि मोटर निळी का?

आणि मग तिला कळलं.

गरम वस्तू किरण फेकते खरी, पण किती फेकते ते तिच्या कातडीवर ठरतं. करडा, काळा, खरबरीत पृष्ठभाग आपली उष्णता लपवत नाही. चकचकीत पृष्ठभाग, किंवा धातूची पूड मिसळलेला रंग, ती झाकून ठेवतो. घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या पेल्यात उकळता चहा ओता, डोळ्याला तो पेला कोमटच दिसेल. डोळा बसवला ऑगस्टात, तेव्हा मोटरी कारखान्यातून आल्या तशा करड्या होत्या. खंडेनवमीला त्या चंदेरी झाल्या आणि डोळ्याला एकाएकी थंड दिसू लागल्या. लगेच पुढे थंडीच सुरू झाली. शिकाऊ डोळ्याने समजूत करून घेतली की हवामान बदललंय आणि मोटरी सुधारल्यात. तेव्हापासून तो त्यांच्यावर भार चढवत होता. शेंदराच्या पाच बोटांपुरतं खरं त्याला दिसत होतं, पण एवढ्या मोठ्या निळ्या अंगावर पाच रेषा म्हणजे किरकोळ दोष, म्हणून त्याने त्या हिशेबातून वगळल्या होत्या.

"गेडाम, मीटर द्या."

तिने मोटरीच्या बाजूची लहान डबी उघडली आणि मण्यांच्या गुंडाळलेल्या तारा मीटरला लावल्या. मोटर ठीक असती तर आकडा काहीशे ओहममध्ये आला असता. मीटर हजारांत गेला आणि वरच राहिला. आतले मणी इतके महिने 'बस' म्हणायला तयार बसले होते. त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं.

"मण्यांची हद्द एकशे पंचावन्न. त्याच्या वर आहे," ती म्हणाली. "किती वर ते देव जाणे."

"काय झालं व?" मोतीरामांचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

तिने सांगायला नको होतं. निदान तेव्हा तरी. पण भीती चढली की माणूस समोर कोण आहे ते बघत नाही. "रंग, बाबा. या चंदेरी रंगामुळे त्याला मोटर थंड दिसते. पहिली त्यामुळेच गेली. हीसुद्धा जाणार."

मोतीराम मोटरीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडे.

"म्हंजे माह्याच हातानं?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. रंग द्यायला बोलावलं कुणी? तिने. तारा सोडवल्या कुणी? तिने. पण तिचं डोकं पुढच्या गोष्टीत होतं आणि तिने उत्तरच दिलं नाही. मोतीराम डबा तसाच ठेवून हॉलमध्ये परत गेले.

पुढची गोष्ट अशी होती की खरं दाखवायची सोय होती, पण खरं दाखवणं परवडणारं नव्हतं. प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या खिशात असते ती काळी इन्सुलेशन टेप मोटरीच्या मोठ्या भागावर चिकटवली की डोळ्याला सगळं स्वच्छ दिसलं असतं. आणि स्वच्छ दिसताच त्याने त्याच क्षणी मोटर बंद केली असती आणि ती पुरती निवेपर्यंत चालूच होऊ दिली नसती. बाहेर एकोणपन्नास. आत साडेतीनशे माणसं. अनसूयाबाईची दुपार पुन्हा, आणि या वेळी एकटी अनसूयाबाई नाही. डोळा आंधळा होता म्हणूनच या घटकेला हॉल थंड होता. आणि तो आंधळाच ठेवला तर संध्याकाळच्या आत मोटर जळून राख होणार होती.

तिने साहेबांना फोन लावला. हेडाऊ साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी बसायचे.

"स्क्रीनवर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हिरवं. पण साहेब, ते खोटं आहे. मी मण्यांवर मोजलं..."

"उरकुडे मॅडम, एक लक्षात घ्या. हिरवं असताना मोटर जळाली तर कंपनीने उत्तर द्यायचं. हिरवं असताना तुम्ही बंद केली तर तुम्ही. माझ्या मते तुम्ही काहीच करू नका."

"आणि माणसं?"

"माणसांसाठीच तर म्हणतोय. चालू राहू द्या." आणि साहेबांनी फोन ठेवला.

राहिला एकच मार्ग. मोटर चालू ठेवून तिच्यावरचा भार उतरवायचा, गुंडाळी मर्यादेच्या खाली आली की मगच टेप लावायची. थंडीची मागणी कमी झाली की भार आपोआप उतरतो, आणि मागणी करत होती माणसं. शांत बसलेलं एक माणूस जुन्या काळच्या शंभराच्या बल्बएवढी उष्णता सोडतं. साडेतीनशे बल्ब. शिवाय सतत उघडणारं दार. निम्मी माणसं शेजारच्या कापूस-जिनिंगच्या जुन्या गोदामात हलवली तर भागणार होतं. तिथे वाळ्याच्या ताट्या होत्या, दोन मोठे कूलर होते, आरोग्यसेविका होती. धडधाकट माणूस तिथे दुपार काढू शकत होता. घामाघूम होऊन, शिव्या देत, पण काढू शकत होता.

प्रणालीने हॉलमध्ये जाऊन माइक घेतला. जे तरुण आहेत, ज्यांना काही आजार नाही, त्यांनी गोदामात चला, मोटरीवर ताण येतोय, एकेक माणूस म्हणजे शंभराचा एक बल्ब, असं सांगितलं.

कुणी हललं नाही.

"आमी सकाळपासून जागा धरून बसलो. आमीच काऊन?" खिडकीखालून एकजण म्हणाला.

"आन् ताण कुठं दिसून राह्यला तुमाले?" दुसऱ्याने भिंतीवरच्या स्क्रीनकडे बोट केलं. हॉलमध्येही एक स्क्रीन लावलेली होती, लोकांना धीर वाटावा म्हणून. "हे पाहा. हिरवं."

"ते चुकीचं दाखवतंय."

"मंग लावलं कायले?"

हॉल हसला. पत्त्यांचा डाव पुन्हा सुरू झाला. प्रणाली माइक धरून उभी राहिली, आणि तिला जाणवलं की आपल्याला आता रडू येणार आहे, साडेतीनशे माणसांसमोर.

तेवढ्यात मधल्या खांबापाशी मोतीराम उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी खालचं आसन झटकलं, घडी करून काखेत घेतलं.

"चला," ते कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखे म्हणाले. "मी जातो. एक बल्ब कमी."

"काका, तुमी कायले?" पत्ते पिसणारा पोरगा म्हणाला. "तुमची तब्येत..."

"माह्यी पोरगी सांगून राह्यली ना, खराब होऊन राह्यलं म्हणून. ती उगाच नाई सांगत." आणि ते दाराकडे चालू लागले.

प्रणालीच्या ओठांवर 'बाबा, तुम्ही नाही' असं आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर काय झालं असतं ते तिला स्वच्छ दिसत होतं. इंजिनिअरबाईंनी आपल्या बापाला बसवून घेतलं, असं म्हणून हॉल पुन्हा खाली बसला असता आणि मग ब्रह्मदेव आला तरी उठला नसता. तिने बापाकडे पाहिलं. बापाने तिच्याकडे पाहिलं नाही. आणि ती त्यांच्या वाटेतून बाजूला झाली.

पत्त्यांचा डाव मोडला. पोरगा उठला, त्याच्यामागे त्याचे सोबती. मग खिडकीखालचा तो बोलका माणूस, चार शिव्या घालत. मग बायका. अर्धा हॉल रिकामा झाला आणि दार लागलं.

मीटरवरचा आकडा बराच वेळ जागचा हलला नाही. गेडाम आणि ती जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत होते. मग तो डुगडुगला, घसरला, आणि एकदम काहीशेवर आला. मणी 'ठीक' म्हणत होते. प्रणालीने टेपच्या पट्ट्या फाडून मोटरीच्या अंगावर एकीशेजारी एक चिकटवल्या, शेंदराच्या बोटांच्या खाली. पडद्यावर निळ्या अंगात लाल ठिगळ उमटलं, पसरलं. एकशे अठराचा आकडा उडाला आणि एकशे सत्तेचाळीसवर थांबला. हिरवा जाऊन पिवळा आला. डोळ्याने, आता खरं दिसल्यावर, अगदी शहाण्यासारखा हॉल थोडा उबदार केला आणि मोटरीचा आवाज उतरला.

"वाचली," गेडाम म्हणाला आणि त्याने तोंड पुसलं.

मोटरीला सोडून जायची तिला हिंमत होईना. मोटर एकशे तीसच्या खाली स्थिर झाली, ऊन कललं, तेव्हा कुठे ती गोदामाकडे धावली. दारातच आरोग्यसेविका भेटली. पोरगी दमली होती, पण खूश होती.

"सगळे ठणठणीत, मॅडम. दर थोड्या वेळानं एकेकाच्या कपाळावर धरून पाह्यलं. कोणाले ताप नाई." तिने हातातली तापमानाची बंदूक दाखवली. कपाळासमोर धरायची, चाप दाबायचा, आकडा येतो. "तुमचे बाबा बी छत्तीस-सात."

प्रणालीला हायसं वाटलं. ती दोन पावलं पुढे गेली. कूलरपाशी पाण्याची टाकी होती आणि लोक एकामागून एक येऊन आपापले दुपट्टे तिच्यात बुडवत होते, पिळत होते, कपाळाला गुंडाळत होते. बंदूक आली की दुपट्टा वर सरकवायचे. ओलं, गार कपाळ पुढे करायचे.

ती जागीच थांबली. ओलं कपाळ. बंदूक कातडी बघते. आत काय चाललंय ते तिला कुठलं दिसायला?

"बाबा!"

मोतीराम पलीकडच्या भिंतीला टेकून बसले होते. डोक्याला ओला दुपट्टा, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा शांत. तिने त्यांच्या सदऱ्याच्या आत पाठीवर हात घातला. पाठ कोरडी होती. एवढ्या उकाड्यात घामाचा टिपूस नाही, आणि चटका बसेल इतकी तापलेली.

"पंप बंद करा," मोतीराम पुटपुटले. "पाणी वर चढून राह्यलं."

पत्ते पिसणाऱ्या पोराने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना उचलून हॉलमध्ये आणलं. थंड हवेच्या झोतासमोर लोकांनी न सांगता जागा केली. कपडे काढले, पाणी ओतलं, वारा घातला. काखेत धरलेल्या साध्या थर्मामीटरचा पारा एक्केचाळीस ओलांडून गेला होता. अँब्युलन्स येईपर्यंत प्रणाली त्यांच्या पाठीला हात लावून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, तुमच्या हातानं नाही, बाबा, माझ्या. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मोतीराम वाचले. म्हणजे दवाखान्याच्या भाषेत वाचले. तापाने मेंदूतला तोल सांभाळणारा भाग भाजून काढला होता. पाय झोकांड्या खायचे, जीभ जड झाली, उजवा हात सतत थरथरायचा. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग कागद चाळू लागले.

गारवा मात्र त्या उन्हाळ्यात एक दिवसही बंद पडला नाही. हेडाऊ साहेबांनी वरती कळवलं की नव्या यंत्रणेमुळे संकट टळलं. प्रणालीने इतर गावांच्या केंद्रांना फोन करून विचारलं, तुमच्या मोटरींना कुठला रंग आहे? बहुतेकांनी उत्तर दिलं की आमची स्क्रीन हिरवी आहे.

नवी मोटर आली ती खाचांत आरटीडी बसवूनच, आणि जुनीचे मणी पुन्हा जोडले गेले. डोळा राहिला, पण आता त्याने सांगायचं आणि या आतल्यांनी ठरवायचं. दोन्ही मोटरींना प्रणालीने स्वतःच्या हाताने काळा, चमक नसलेला रंग दिला. देताना तिला एकदाही गुणगुणावंसं वाटलं नाही.

खंडेनवमीला तिने बाबांना आणलं. गेडामने एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या. मोतीराम काळ्या मोटरीसमोर उभे राहिले. मग त्यांनी थरथरता हात शेंदराच्या वाटीत बुडवला. तिला मनगट धरू देईनात. पाच बोटं ओढली. रेषा वाकड्यातिकड्या गेल्या, एक अर्ध्यावरच तुटली.

मग त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. आता सगळी मोटर एकसारखी लाल दिसत होती. बोटं कुठेच नव्हती.

"दि... दिसत नाई," ते म्हणाले.

"हो, बाबा. आता ती दिसायला नकोत."

त्यांना ते पटलं की नाही, सांगता येणार नाही. ते तसेच पडद्याकडे बघत राहिले. गेडाम नारळ फोडायला बाहेर गेला. प्रणालीने, हल्ली रोज संध्याकाळी ठेवायची तसा, त्यांच्या सदऱ्याच्या आत पाठीवर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.